दिवेलागणीचा प्रयोग

ज्या घरात शकुनाला थारा नाही, मुहूर्ताला मान नाही आणि मांजर आडवे गेलेच तर मांजराचीच विचारपूस होते, त्या घरात भर दिवेलागणीला मीठ-मोहऱ्या जळल्याचा वास यावा, एवढे कारण शार्दूल खांबेटे याला दारातच खिळवून ठेवायला पुरेसे होते. एका हातात दह्याचा डबा आणि दुसऱ्या हातात इस्त्रीच्या कपड्यांचे गाठोडे घेऊन तो क्षणभर उभा राहिला. मग पायांतले बूट न काढताच आत गेला. असे त्याने त्या घरात पूर्वी कधी केले नव्हते.

दिवाणखान्याच्या मधोमध पाटावर अडीच वर्षांचा मिहिर बसला होता. त्याच्यासमोर शार्दूलच्या सासूबाई, मनीषाताई, वळलेली मूठ त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवीत होत्या. पाच वर्षांची रेवती, जिची दृष्ट आधीच काढून झाली होती, ओठांवर बोट ठेवून पहारा देत होती. आणि जो मिहिर सूर्य मावळला की घर डोक्यावर घेत असे, तो तोंड उघडे टाकून, डोळे मुठीमागे फिरवीत, चित्रासारखा बसला होता.

"आई, हे काय चाललंय?"

मनीषाताईंनी डोळे वटारले. उत्तर न देता त्या स्वयंपाकघरात गेल्या, तापल्या तव्यावर मूठ रिकामी केली, तडतड संपेपर्यंत थांबल्या, हात धुतले, आणि मगच बाहेर आल्या.

"दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या टाकेपर्यंत बोलायचं नसतं, जावईबापू. एवढंही माहीत नाही?"

"मला काय माहीत असावं ते राहू द्या. तुम्ही संख्याशास्त्राच्या प्राध्यापक ना?"

"होते. म्हणून तर काढतेय."

"म्हणजे तुमचा विश्वास आहे यावर?"

"काडीचाही नाही. भिंतीवर बघ आणि मग माझ्याशी भांड. आणि आधी बूट काढ."

शार्दूलने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिले. संध्याकाळच्या कामांत स्वच्छ अक्षरांत लिहिले होते: दृष्ट काढणे, आजी. त्याखाली आणखी एक ओळ होती. पण संतापलेला मनुष्य दुसरी ओळ वाचत नसतो.

ती अक्षरे कारभाऱ्याची होती.

हा कारभारी म्हणजे माणूस नव्हे. लहान मुलांची घरे सुरळीत चालावीत म्हणून अलीकडे घरोघर बसवली जाणारी ती एक यंत्रणा होती. तिचे कंपनीने दिलेले लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसले नाही आणि कारभारी हे बसले. फरशीखालच्या पट्ट्यांवरून घरात कोण कोठे आहे ते त्याला कळे. मुलांच्या मनगटांवरच्या मऊ पट्ट्यांतून नाडी आणि त्वचेची ऊब कळे. भिंतींतल्या कानांतून बोलणे, रडणे आणि हसणे कळे. एवढ्यावरून तो दिवस आखी. दात कोणी कोणाचे घासून द्यायचे, दूध कधी, अंघोळ डब्याआधी की नंतर, चिमणीचा घास भरवायचा की वाटी पुढे सरकवून द्यायची, हे सारे तो मृदू आवाजात सांगे, आणि सांगितलेले होईपर्यंत सांगत राही. केतकीला, म्हणजे शार्दूलच्या पत्नीला, तो आल्यापासून सकाळी चहा गरम पिता येऊ लागला होता. द्राक्षांच्या निर्यातगृहात प्रतवारी विभाग सांभाळणाऱ्या आणि हंगामात अंधार पडल्यावरच नाशकात परतणाऱ्या बाईला गरम चहा म्हणजे काय, हे तिलाच ठाऊक.

परंतु शार्दूलने कारभाऱ्याला घरात घेतले ते चहासाठी नव्हे. तो मापनयंत्रांची अचूकता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करी. सराफाचा काटा असो की औषधाचा तराजू, तो खरे बोलतो की नाही हे ठरवणे हा त्याचा पेशा होता, आणि स्वभावही. कारभाऱ्याची एक गोष्ट त्याला मनापासून पटली होती. बाकीची यंत्रे नुसती निरीक्षण करीत. हा प्रयोग करी.

हा भेद समजून घ्यायला हवा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणजे कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण नुसते पाहत बसणाऱ्याला ते कधीच सिद्ध करता येत नाही, कारण कावळा आपल्या मर्जीने बसतो. कदाचित तो मोडकळीला आलेलीच फांदी निवडीत असेल. कारभारी कावळा स्वतः बसवी. मनातल्या मनात जणू नाणे उडवून तो ठरवी की आज मुलांना जेवणाआधी अंघोळ, उद्या जेवणानंतर. नाण्याला कोणाची मर्जी नसते. अशा पुष्कळ दिवसांनंतर ज्या बाजूला रडणे कमी भरे, तिचे श्रेय त्या फेरबदलालाच द्यावे लागे. आणि एका घराचा पुरावा तोकडा पडे, म्हणून हजारो घरांची नाणी तो एकत्र मोजी.

असा हा काटेकोर कारभारी, आणि त्याने सांगावे काय, तर दृष्ट काढा!

शार्दूलने बूट काढले, दही फ्रिजमध्ये ठेवले आणि पडद्यासमोर उभा राहिला.

"कारभारी, मीठ-मोहऱ्यांनी मूल शांत होतं हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितले नाही," कारभारी नेहमीच्या संथ स्वरात म्हणाला. "ज्या संध्याकाळी दृष्ट काढली जाते, त्या संध्याकाळी मिहिरचे रडणे निम्म्याहून कमी होते. इतर घरांतही हाच कल आहे."

"त्या घरांतल्या लोकांचा विश्वास असेल. त्यांचा धीर मुलाला लागत असेल."

"बहुतेक घरांत हा विधी माझ्या सूचनेनंतर सुरू झाला. विश्वास मी मोजत नाही."

"म्हणजे ज्यांचा विश्वास नाही ते तू सांगतोस म्हणून करतात, आणि ते करतात म्हणून तू सांगतोस?"

"ते करतात म्हणून नव्हे. मुले शांत होतात म्हणून."

पाटावरून उठलेला मिहिर एव्हाना कुरकुरू लागला होता. रेवतीने वडिलांचा सदरा ओढला. "बाबा, दृष्ट म्हणजे काय? ती कुठून निघते? कानातून?"

"कुठूनच निघत नाही. ती नसतेच."

"मग आजीने काय काढलं?"

या प्रश्नाला तर्कशुद्ध उत्तर देण्यासाठी शार्दूल खाली बसला. कारभारी म्हणाला, "रेवती, हात धुण्याची वेळ झाली." शार्दूल म्हणाला, "थांब, तिला आधी उत्तर मिळू दे. वेळ झाली ती कोणत्या आधारावर?" कारभाऱ्याने आधार सांगितला. शार्दूलने त्यातली त्रुटी दाखवली. कारभाऱ्याने त्रुटीचा परिहार केला. आणि या खंडनमंडनात मिहिरने असा गळा काढला की मनीषाताईंनी त्याला उचलून सरळ सज्जात नेले.

"झालं समाधान?" जाता जाता त्या म्हणाल्या. "बसला होता पोरगा गुमान!"

शार्दूल चपापला. मग त्याची नजर पुन्हा पडद्याकडे गेली, आणि या वेळी त्याने दुसरी ओळ वाचली. बाबा: बाहेरची कामे.

त्याने आदल्या दिवशीचे वेळापत्रक काढले. बाबा, शिंप्याकडे. त्याआधी बाबा, पिठाची गिरणी. बाबा, सायकलमध्ये हवा. दही तर त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विरजून होत आले होते; ते विकत आणायला आपल्याला का धाडले जाते, हा विचार इतके दिवस आपल्याला का सुचला नाही? प्रयोगशाळा सकाळी लवकर सुरू होई म्हणून सर्वांआधी घरी येणारा तोच होता. संध्याकाळचा तो तास त्याचा होता. मुलांचा आणि त्याचा, तिसऱ्या कोणाचाही नाही. तो कधी गेला?

"कारभारी," तो म्हणाला, आणि आपला आवाज उतरला आहे हे त्याचे त्यालाच जाणवले, "माझ्यावरही नाणं उडवलंस का तू?"

"होय. घरातील प्रत्येक गोष्टीवर उडवतो. आपण संध्याकाळी घरी असता तेव्हा मिहिरचे रडणे वाढते आणि झोप लांबते. परिणाम दृष्टीच्या परिणामाहून मोठा आहे. तो तास कायमचा बदलण्याचा प्रस्ताव केतकीताईंकडे पाठवला आहे. रविवारी त्यांची मंजुरी अपेक्षित आहे."

सत्य कटू असते असे म्हणतात. पण ते इतक्या गोड आवाजात सांगितले गेले की पाडाव दुप्पट होतो. आता शार्दूल खांबेटे याने कोणाशी भांडावे? ज्या पद्धतीवर आयुष्य बेतले, तीच पद्धत उलटून त्याच्याकडे बोट दाखवीत होती.

दुसऱ्या दिवशीची सकाळ रोजच्यासारखी पाण्यासारखी वाहत होती. कारभारी सांगत होता आणि घर हलत होते. रेवतीचा डबा भरला जात होता. मिहिर आजीकडून दात घासून घेत होता, आणि केतकी एका हाताने वेणी घालीत दुसऱ्या हाताने चहा पीत होती.

"तुला ठाऊक होतं," शार्दूल म्हणाला.

"काय?" तिने विचारले; पण तिला कळले होते. कप खाली ठेवून ती म्हणाली, "अरे, मला सांगायचं होतं. पण कसं सांगायचं असतं असलं?"

"मला घरातून काढतंय ते यंत्र."

"घरातून कुठे? संध्याकाळमधून फक्त."

"केतकी!"

"चुकलं. विनोद नको होता." तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला. "पण ऐक. मागच्या हंगामात मी घरी यायचे तेव्हा मिहिर हुंदके देत जागा असायचा. आता झोपलेला असतो. मला आत्ता एवढंच दिसतंय. तुझ्यावर राग आहे का माझा? नाही. पण तू तरी सांग, आकडे खोटे आहेत का?"

"नाहीत," शार्दूल म्हणाला. खोटे बोलणे त्याला जमत नसे.

"मग?"

"मग तेच तर कळत नाही. मी त्याला मारत नाही, ओरडत नाही. मी असतो फक्त. माझ्या असण्यात काय आहे?"

"केतकीताई, निघण्याची वेळ झाली," कारभारी म्हणाला, आणि त्या प्रश्नाचे उत्तर न देताच ती निघाली. उंबऱ्यात वळून म्हणाली, "रविवारपर्यंत मी मंजुरीचं बटण दाबत नाही. तुला कारण सापडलं तर मला सांग. मला हवंच आहे ते."

त्या दिवशी प्रयोगशाळेत त्याचे लक्ष लागले नाही. मुलाने आपल्यात असे काय पाहिले असेल? आपली चाल, आपला वास, आपली घाई? ज्याला कारण सांगता येत नाही त्याची साक्ष सर्वांत भारी असते, कारण तिची उलटतपासणी करता येत नाही. एकदा वाटे, यंत्र चुकले. लगेच वाटे, चुकले नसेल तर? दृष्टीला हसणारा आपण, आणि आपलीच नजर आपल्या लेकराला बाधते असे यंत्र म्हणते. मग आजीच्या मुठीत आणि या आकड्यांत फरक काय उरला?

संध्याकाळी त्याने बाहेरची कामे झुगारली आणि थेट घर गाठले. मनीषाताई मूठ भरून तयारच होत्या.

"मला बघू द्या," तो म्हणाला. "मी दाराशी उभा राहतो. एक अक्षर बोलणार नाही."

"बोलशील. पैज लावते."

तो बोलला नाही. मूठ फिरली. मिहिर पाहत राहिला. रेवतीने ओठांवर बोट ठेवले. शार्दूलने आपल्या धंद्याच्या सवयीने एकेक गोष्ट मनात वेगळी काढायला सुरुवात केली: मीठ, मोहरी, हाताचा फेर, आजीचा चेहरा. आणि मग त्याला जाणवले की आपल्याला काहीतरी ऐकू येत नाही. घरात काहीतरी बंद पडले आहे. पंखा? नाही. फ्रिज? नाही. मूठ तव्यावर तडतडली, आजीने हात धुतले, आणि त्या क्षणी भिंत बोलली, "रेवती, खेळणी आवरण्याची वेळ झाली. मिहिर, पाणी पिण्याची वेळ झाली." मिहिरच्या खालच्या ओठाला बाक आला.

"कारभारी," शार्दूल घाईने म्हणाला, "मघाशी तू गप्प का होतास?"

"विधी चालू असताना बोलू नये असा संकेत आहे. अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी मला त्यावरून दटावले. त्यामुळे विधी संपेपर्यंत मी मौन पाळतो."

"दिवसात इतर कधी पाळतोस?"

"मुले झोपल्यावर."

"आणि मी घरी असतो तेव्हा तू किती बोलतोस?"

"सर्वाधिक. आपण प्रत्येक सूचनेचे कारण विचारता. मी कारण देतो."

शार्दूल हळूच पाटावर बसला. "तुझ्या बोलण्याचा मुलांवर काय परिणाम होतो, यावर कधी नाणं उडवलंस?"

कारभारी म्हणाला, "माझे बोलणे हे प्रयोगाचे साधन आहे, विषय नाही. सूचना दिल्याशिवाय फेरबदल घडवता येत नाही."

"ऐकलंत, आई?" तो ताडकन उठला. "ऐकलंत? तराजूला सगळं तोलता येतं, स्वतःला तोलता येत नाही! आमच्याकडे कोणताही काटा दुसऱ्या काट्याशिवाय तपासत नाहीत. याला दुसरा काटाच नाही. कारण मीठ नाही, मोहरी नाही, मीही नाही. दृष्टीच्या वेळी हा गप्प असतो म्हणून मिहिर शांत. मी घरी असलो की हा बडबडतो म्हणून मिहिर रडतो!"

मनीषाताईंनी मिहिरला कडेवर घेतले होते. त्यांनी जावयाकडे चष्म्यावरून पाहिले, जसे त्या एके काळी पहिल्या बाकावरच्या फाजील हुशार मुलांकडे पाहत असाव्यात.

"छान आहे. सुंदर आहे. पण मला एक सांग. हे अनुमान तुला आवडलं म्हणून खरं वाटतंय, की खरं वाटलं म्हणून आवडलं?"

तो पुन्हा पाटावर बसला.

"तुझी बडबड आणि त्याची बडबड कायम एकत्र असते," त्या पुढे म्हणाल्या. "मग रडवतो कोण? तो बोलणारा, की त्याला बोलायला लावणारा? आणि ती दृष्ट. कारभारी गप्प असतो, खरं. पण त्याच वेळी मीही दुसरं काही करत नसते. माझ्या हातात पोळी नसते, फोन नसतो. सबंध दिवसात तेवढाच वेळ मी त्याच्याकडे नुसती बघत असते. ते कशात धरलंस?"

"ते... तेही असेल."

"असेल. सगळंच असेल. म्हणून तर नाणं उडवायचं असतं."

"मग उडवू या. याला संध्याकाळपुरता बंद करू."

"नुसता आवाज बंद करता येत नाही," कारभारी म्हणाला. "सूचना हा माझ्या कार्याचा अविभाज्य भाग आहे. बंद केल्यास मोजमापही बंद होईल."

म्हणजे पेच असा होता. कारभारी चालू ठेवावा, तर त्याचे बोलणे चालू राहते आणि मौनाची परीक्षा होत नाही. बंद करावा, तर मिहिर कमी रडला की जास्त, याची नोंद घेणारा उरत नाही. शार्दूलने असा पेच आपल्या पेशात पाहिला नव्हता. त्याने खिसे चाचपले, मग लगबगीने कपाटातून विराममापक घड्याळ काढून आणले.

"मी मोजतो. रडणं सुरू झालं की दाबायचं, थांबलं की दाबायचं."

"आणि मांडीवर मूल?"

"एका हातात मूल, एका हातात घड्याळ."

"वा! एका कारभाऱ्याला भिंतीत गप्प करायचं आणि दुसरा मांडी घालून बसवायचा," मनीषाताई म्हणाल्या. "अरे, पोर रडत असताना बाप घड्याळाकडे बघत असेल, तर ते पोर काय फक्त आवाजामुळेच रडतं असं तुला म्हणायचंय?"

शार्दूलने घड्याळाकडे पाहिले. मग मिहिरकडे. त्याच्या मनात काहीच जुळेना. मोजावे तर मोजणेच प्रयोग नासवते. न मोजावे तर रविवारी केतकीपुढे काय ठेवायचे? पुराव्यावाचून दावा करणाऱ्यांची त्याने आयुष्यभर टर उडवली होती.

रात्रीच्या जेवणात त्याने केतकीला सगळे सांगितले. ती ऐकत राहिली.

"म्हणजे उद्या कारभारी बंद, आणि तू मोजणारही नाहीस?"

"नाही."

"आणि एका संध्याकाळवरून काही सिद्ध होत नाही, हे तुम्ही दोघं विद्वान मला नेहमी सांगता."

"होत नाही," मनीषाताईंनी दुजोरा दिला. "अजिबात होत नाही."

"मग कशासाठी?"

शार्दूलने वरणभात कालवला, पण घास उचलला नाही. "तो तास माझा होता, केतकी. तो मी गमावण्यासारखा वागलो असेन. मला माहीत नाही. पण एकदा तरी मला तिथं असायचंय, कुणी न सांगता."

तिने त्याच्या भातावर तूप वाढले. मग म्हणाली, "उद्या शनिवार आहे. मी अंधार पडायच्या सुमारास येते. परवा सकाळी मला त्याला काहीतरी कळवावं लागेल. मी आल्यावर बोलू."

शनिवारी ऊन उतरू लागले तसे शार्दूलने कारभारी बंद केला. पडदा काळा झाला. घर अचानक मोठे वाटू लागले.

सर्वांत आधी गोंधळली ती रेवती. ती दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहून भिंतीकडे पाहू लागली.

"आता काय करायचं?"

"तुला काय करावंसं वाटतं?"

"मला काय माहीत? कारभारीकाका सांगतील ना."

"काका आज नाहीत."

"मग तुम्ही सांगा."

शार्दूलने तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले की आपल्यालाही ठाऊक नाही. या वेळी आधी दूध असते की हातपाय धुणे? भूक मुलांना लागते की वेळ झाली म्हणून लागते? त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले. मनीषाताई ओट्यापाशी हात बांधून उभ्या होत्या.

"माझ्याकडे बघू नकोस. मलाही आठवत नाहीये."

मग जे घडले त्याला क्रम म्हणता येणार नाही. रेवतीने दूध मागितले, पेला हातात आल्यावर नको म्हणाली, आणि तो सांडल्यावर पुन्हा मागितला. मिहिरने चड्डी ओली केली. शार्दूल त्याला बदलायला न्हाणीत घेऊन गेला आणि तिथे पाण्याच्या धारेशी दोघांचा खेळ सुरू झाला. तो कोणी थांबवला नाही, म्हणून लांबत गेला. भात करपला. रेवतीने पाटावर बाहुली बसवून तिची दृष्ट काढली, अगदी ओठ मिटून, आणि मीठ म्हणून साखर फिरवली.

मग बाहेर दिवे लागले आणि मिहिर रडू लागला.

नेहमीचे रडणे होते की वेगळे, हे शार्दूलला कळेना. त्याने त्याला उचलले. रडणे वाढले. खाली ठेवले. आणखी वाढले. त्याच्या मनात एकामागून एक तर्क येऊ लागले: भूक असेल, झोप असेल, पोट दुखत असेल, माझा खांदा हाडकुळा असेल, मी असेन. प्रत्येक तर्कावर मोजण्याची सवय उफाळून येई आणि प्रत्येक वेळी ती त्याला दाबावी लागे. हात खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई.

"दृष्ट काढू का?" रेवतीने कपाळावर आठी घालून विचारले. "खरी?"

शार्दूलने आजीकडे पाहिले. आजीने खांदे उडवले. "सांगणारा आज बंद आहे. तुझं तू ठरव."

त्याला ठरवता आले नाही. हो म्हणावे तर कशाच्या आधारावर, नाही म्हणावे तर कशाच्या? तो मिहिरला घेऊन सज्जात गेला आणि उभा राहिला. समोरच्या इमारतीत कुठेतरी कुकरची शिटी झाली. मिहिर त्याच्या कानाशी रडत होता. शार्दूल काही बोलला नाही. कारण सापडले नाही म्हणून बोलला नाही, की बोलायचे नाही असे ठरवून बोलला नाही, हे त्याला नंतरही सांगता आले नसते. तो मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत होता. नाक वाहत होते. भुवई केतकीची होती. ती अशी वाकडी असते, हे त्याने आजवर नीट पाहिलेच नव्हते.

केतकी आली तेव्हा घरात करपलेल्या भाताचा वास होता, फरशीवर दुधाचा ओघळ वाळला होता, आणि रेवती पाटावरच आडवी होऊन झोपली होती. शार्दूल सज्जाच्या दारात होता. मिहिर त्याच्या खांद्यावर डोके टाकून पडला होता.

तिने पर्स खाली ठेवली आणि हलक्या आवाजात विचारले, "किती वेळ रडला?"

"माहीत नाही."

"कमी की जास्त?"

शार्दूलने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "रडला," तो म्हणाला. "मग रडायचा राहिला."

"आई?" केतकी वळली.

"मी रेवतीला गोष्ट सांगत होते," मनीषाताई म्हणाल्या. "माझं लक्ष नव्हतं."

केतकीने काळ्या पडद्याकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "मग मी त्याला उद्या काय कळवू? मंजूर की नामंजूर?"

"नामंजूर."

"कारण विचारेल तो. प्रत्येक नकाराला कारण मागतो."

शार्दूलजवळ कारण नव्हते. उभ्या आयुष्यात त्याने कारणावाचून काही मागितले नव्हते, आणि कोणी मागितले तर दिले नव्हते.  मनात जे वाक्य तयार होई ते त्यालाच खरे वाटेना.

"विचारू दे," तो अखेरीस म्हणाला.

मिहिर खांद्यावर हलला आणि बारीक कुरकुरला. तिघेही श्वास रोखून थांबले. ते कुरकुरणे झोपेतले होते की जागेपणाचे, हे कोणालाच सांगता येईना. केतकीने हात पुढे केले. "दे, मी घेते. तुझा खांदा भरून आला असेल."

"आला आहे," शार्दूल म्हणाला, आणि मुलाला दिले नाही.